मादाम, मिस आणि मिसेस

शाळेत सामान्यज्ञान स्पर्धेची तयारी करून घेत होते. गाइडमधला प्रश्न असा: ऑलिंपिकमध्ये भाग घेणारी पहिली महिला कोण? उत्तर छापलेलं होतं: शार्लट कूपर, टेनिस, पॅरिस १९००. दुसऱ्या दिवशी आठवीतली एक मुलगी वडिलांच्या मोबाइलवर काहीतरी वाचून आली. वहीत तिनं तीन वेगळीच नावं उतरवून आणली होती आणि त्यापुढे खेळाचं नाव होतं, क्रोकेट. "मिस, इसमें क्रिकेट गलत छपा है ना?"

छपाईची चूक नव्हती. क्रिकेट वेगळं, क्रोकेट वेगळं. मूळ उच्चार क्रोके. खरं तर १९००च्या पॅरिसमध्ये क्रिकेटही होतं, फ्रान्स विरुद्ध ग्रेट ब्रिटन असा एकच सामना झाला आणि त्यात फक्त पुरुष होते. बायका होत्या त्या क्रोकेत. मी मुलीला म्हटलं, उद्या सांगते. त्या "उद्या"ला तीन आठवडे लागले, कारण एक धागा ओढला तर दुसराच सुटत गेला. तोच सगळा गुंता आज तुमच्यासमोर ठेवते आहे.

आधी गाइडच्या उत्तराचं बघू. १८९६च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये एकाही बाईला प्रवेश नव्हता. स्तमाता रेविथी नावाच्या एका गरीब ग्रीक बाईनं मॅरेथॉनचं अंतर दुसऱ्या दिवशी एकटीनं पळून काढलं, पण ते अधिकृत धरलं गेलं नाही. १९०० साली पॅरिसला ९९७ खेळाडूंमध्ये २२ बायका होत्या. शार्लट कूपरनं टेनिस जिंकलं ते ११ जुलैला. त्यामुळे "वैयक्तिक विजेतेपद मिळवणारी पहिली महिला" हे तिचं वर्णन बरोबर आहे. पण जूनच्या अखेरीसच ब्वा द बुलोन्य या मोठ्या बागेत क्रोकेच्या स्पर्धा सुरू झाल्या होत्या आणि त्यात तीन फ्रेंच बायका पुरुषांच्या बरोबरीनं उतरल्या होत्या. कित्येक वर्षं "पहिल्या महिला ऑलिंपिकपटू" म्हणून त्यांचीच नावं घेतली जात. नंतर अभ्यासकांनी तारखा पुन्हा तपासल्या, तेव्हा २२ मे रोजी लेरिना नावाच्या शिडाच्या बोटीवर चालकांच्या चमूत असलेली एलेन द पूर्तालेस त्यांच्याही आधीची निघाली. म्हणजे गाइडचं उत्तर एकदा नव्हे, दोनदा मागे पडलं.

या क्रोके स्पर्धेला तिकीट काढून आलेला प्रेक्षक एकच होता, असं अधिकृत अहवालातच लिहून ठेवलं आहे. एक इंग्रज गृहस्थ, खास त्यासाठी नीसहून आलेले. त्यांचं आपल्यावर उपकारच म्हणायचे! एरवी सगळं मैदान फ्रेंच माणसांचं आणि त्यांच्या ओळखीपाळखीचं. बायकांपैकी कुणालाही पदक मिळालं नाही. एका चेंडूच्या प्रकारात गास्तों ओम्वात जिंकला, त्याचं नाव विक्रमांच्या पुस्तकात नीट, पूर्ण आहे.

आणि बायकांची नावं? मादाम देप्रे. मादाम फियोल ब्रोही. मादमोआझेल ओन्ये.

मूळ नोंद एवढीच. दोन "मादाम" म्हणजे लग्न झालेल्या, एक "मादमोआझेल" म्हणजे न झालेली. ओन्येचं पहिलं नाव पुढे मारी असं लावलं जाऊ लागलं. बाकी दोघींना स्पर्धेच्या कागदानं नवऱ्याच्या आडनावावरच सोडलं. खेळात त्यांनी किती कमानी पार केल्या यापेक्षा त्यांचं लग्न झालं होतं की नाही, ही माहिती कारकुनाला जास्त महत्त्वाची वाटली असावी.

हे वाचताना मला माझं स्वतःचं सेवापुस्तक आठवलं. माझी दहावी, बारावी, पदवी, बी.एड. सगळी प्रमाणपत्रं वडिलांच्या नावावर आणि नोकरीला लागायच्या आधी निकाह झालेला. एकाच बाईची दोन नावं एकच आहेत हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र, मग राजपत्र, मग त्याच्या झेरॉक्स प्रती. वर्गात मात्र मी यापैकी कोणीच नाही. लग्नाला वीस वर्षं झाली, दोन मुलं आहेत, तरी मुलं मला "मिस"च म्हणतात. उर्दू शाळांतून शिकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

खेळ काय आहे ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. कापून सारख्या केलेल्या हिरवळीवर लोखंडी कमानी रोवलेल्या असतात, आता सहा, आणि मधोमध एक खुंटी. चार चेंडू: निळा-काळा एका बाजूचे, लाल-पिवळा दुसऱ्या बाजूचे. हातात लांब दांड्याची लाकडी मोगरी. मोगरीनं चेंडू ठोकून ठरलेल्या क्रमानं कमानीतून काढायचा, प्रत्येक कमान दोनदा, आणि शेवटी खुंटीला लावायचा. एका चेंडूचे १३ गुण, दोन चेंडूंचे २६. इथवर पोरखेळ वाटतो. गंमत पुढे आहे. तुमचा चेंडू दुसऱ्या चेंडूला लागला, तर तुम्हाला तो त्याला चिकटवून ठेवून दोन्ही एकदम हलवता येतात आणि वर आणखी एक फटका मिळतो. म्हणजे गोट्यांतला नेम आणि कॅरममधली अक्कल, दोन्ही लागतात. चांगली खेळाडू चारही चेंडू आपल्याला हवे तसे मांडत एकापाठोपाठ एक कमानी घेत जाते आणि समोरचा तोवर कडेला खुर्चीवर बसून राहतो. अर्धा तास, कधी त्याहून जास्त. कमान चेंडूपेक्षा जेमतेम बोटाच्या पेराच्या अंशाएवढी रुंद असते. ताकद फारशी कामाला येत नाही. नजर, हिशेब आणि सबुरी लागते.

हा खेळ १८५०च्या दशकात आयर्लंडमधून इंग्लंडमध्ये आला. १८५६ साली आयझॅक स्प्रॅट नावाच्या लंडनच्या दुकानदारानं नियम नोंदवले. जॉन जॅक्स या खेळणी बनवणाऱ्यानं संच विकायला काढले आणि १८६०च्या दशकात तर त्याची साथच आली. प्रत्येक बंगल्याच्या अंगणात कमानी. याच काळात बायकांच्या पोशाखात क्रिनोलिन होतं, म्हणजे घागऱ्याखाली पोलादी कड्यांचा पिंजरा. असा घेर सांभाळत धावणं अशक्य, घोड्यावर बसणं कठीण, पण मोगरी हातात घेऊन हिरवळीवर चालणं जमत होतं. म्हणून हा पहिला मैदानी खेळ ठरला, जो बायका आणि पुरुष एकाच मैदानावर, एकाच नियमांनी, एकमेकांविरुद्ध खेळू लागले.

"पंच" साप्ताहिकात जॉन लीचची चित्रं येत. त्या वेळच्या पद्धतीत आपला चेंडू पायाखाली दाबून धरून शेजारचा चेंडू लांब उडवायचा असे. त्यासाठी बाईला घागरा किंचित उचलावा लागे, घोटा दिसे आणि सभोवतीच्या पुरुषांचं खेळातलं लक्ष उडे. दुसरी तक्रार अशी की बायका घेराखाली चेंडू लपवून हळूच पुढे सरकवतात. विनोदाचा रोख नेहमीचाच: बाई खेळते म्हणजे एकतर मोहात पाडते, नाहीतर लबाडी करते. ती जिंकण्यासाठी खेळत असेल, हा तिसरा विचार कुणाच्या डोक्यात यायला वेळ लागला.

साहित्यात मात्र तो लवकर आला. लुइस कॅरोल हा ऑक्सफर्डचा गणिताचा शिक्षक, त्यानं १८६३ साली क्रोकेचा स्वतःचा एक प्रकारही तयार केला होता. दोन वर्षांनी आलेल्या "अ‍ॅलिस"मध्ये फ्लेमिंगोची मोगरी, साळिंदरासारख्या काटेरी हेजहॉगचा चेंडू आणि नियम न मानणारी राणी आहे. आणि १८६८च्या "लिटल विमेन"मध्ये सहलीला गेलेल्या मुलामुलींचा डाव आहे. त्यात लबाडी करतो तो मुलगा, पायानं चेंडू सरकवतो. जो ते पाहते, राग गिळते, आपली पाळी येईपर्यंत थांबते आणि डाव जिंकते. पंचवाल्यांना दिलेलं याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही. ही कादंबरी मी मुलींना दरवर्षी गोष्टरूपानं सांगते, पण या प्रसंगाकडे माझं लक्ष आत्ताच गेलं.

एक गोष्ट इथे विसरता कामा नये. त्या दशकात इंग्लंडमधल्या विवाहित बाईला कायद्यानं स्वतःची मालमत्ता जवळपास नव्हतीच. तिचे कपडे, दागिने, तिची कमाई, सगळं नवऱ्याचं. १८७० साली थोडी सवलत मिळाली आणि खरा मालकी हक्क १८८२च्या कायद्यानं दिला. म्हणजे ज्या मोगरीनं ती नवऱ्याचा चेंडू हिरवळीच्या टोकाला पिटाळत होती, ती मोगरीसुद्धा कागदोपत्री नवऱ्याचीच.

१८६८ साली ऑल इंग्लंड क्रोके क्लब निघाला आणि पुढे त्यानं विम्बल्डनला वर्पल रोडवर जागा घेतली. हो, तेच विम्बल्डन. १८७५ साली क्लबनं लॉन टेनिसला हिरवळीचा एक तुकडा दिला आणि १८७७ साली घोड्यानं ओढायच्या रोलरच्या दुरुस्तीला पैसे हवेत म्हणून टेनिसची स्पर्धा भरवली. पाहुणा म्हणून आलेल्या टेनिसनं घरच बळकावलं. १८८२ साली क्लबच्या नावातून क्रोके हा शब्दच गेला. १८९९ साली तो परत घेतला, तो आजतागायत आहे. टीव्हीवर विम्बल्डन बघताना क्लबचं पूर्ण नाव वाचलंत तर शेवटी सापडेल.

याच १८९९ साली महिलांचं अजिंक्यपद लिली गावर नावाच्या साधारण बावीस वर्षांच्या वेल्श मुलीनं जिंकलं.

लिली १८७७ची. वेल्समध्ये तेइफी नदीकाठी लेख्रिड गावाजवळ कॅसल मॅलग्विन नावाची हवेली आहे, तिथली. घरची सुबत्ता होती हे वेगळं सांगायला नको. हवेलीतल्या मुलीकडून त्या काळी काय अपेक्षा असत ते आपण इंग्रजी कादंबऱ्यांतून वाचलेलं आहे: पियानो, थोडं फ्रेंच, चित्रकला आणि योग्य वेळी योग्य घरात लग्न. लिलीनं १८९९, १९०० आणि १९०१ असं सलग तीनदा महिलांचं अजिंक्यपद घेतलं. मग १९०५ साली ती ओपनमध्ये जिंकली. ओपन म्हणजे सर्वांसाठी खुली. स्त्री-पुरुष एकाच सोडतीत, कुणाला सवलत नाही. लिलीच्या आधी ती एकाही बाईनं जिंकली नव्हती.

ही गोष्ट मी दोनदा वाचली, कारण पटकन लक्षात येत नाही तिचं वजन. १९०५ साली ब्रिटनमध्ये बाईला संसदेच्या निवडणुकीत मत नव्हतं. ऑक्सफर्डमध्ये ती व्याख्यानं ऐकू शकत होती, परीक्षा देऊ शकत होती, पदवी मात्र १९२० पर्यंत मिळणार नव्हती. केंब्रिजला तर १९४८ उजाडलं. आणि या एका खेळात, देशातल्या सर्वोच्च स्पर्धेत, ती पुरुषांना हरवून पहिली आली होती. एवढं मोठं काही घडलं तर गाजायला हवं होतं. पण क्रोके "बायकांचा" खेळ, आरामाचा खेळ मानला जाई, म्हणून बाईला तो खेळू दिला गेला. आणि त्याच कारणानं तिनं पुरुषांना हरवलं तरी ते कुणाला खुपलंही नाही, जाणवलंही नाही. परवानगी आणि दुर्लक्ष एकाच पाकिटातून आले. शाळेत मी हे रोज पाहते. मुलगी लगोरी खेळते तोवर सगळे हसतात, कबड्डीच्या तालुका संघात निवड झाली की घरून चिठ्ठी येते.

लिलीनं पुढे रेजिनल्ड बीटनशी लग्न केलं. तोही ओपन जिंकलेला, नामांकित खेळाडू. त्या क्षणापासून नोंदींमध्ये लिली गावर संपते आणि मिसेस आर. सी. जे. बीटन सुरू होते. तिचं स्वतःचं आद्याक्षरसुद्धा नाही, तीनही अक्षरं नवऱ्याची. तेव्हा ब्रिटनमध्ये तीच रीत होती, कुणी मुद्दाम केलं असं नव्हे. पण निकालांच्या जुन्या याद्या वाचणाऱ्याला ही दोन वेगळी माणसं वाटतात.

आणि मग १९२८. महिलांच्या अजिंक्यपदाच्या यादीत पुन्हा बीटन हे आडनाव येतं. लिली आता एक्कावन्न वर्षांची होती. मागच्या जेतेपदाला सत्तावीस वर्षं झाली होती. मधल्या काळात एक राजा गेला, एक महायुद्ध झालं, क्रिनोलिनच्या आठवणीसुद्धा पुसल्या आणि घागरे गुडघ्यापर्यंत आले.

१९२८ साल बायकांच्या इतिहासात इतक्या ठिकाणी उगवतं की मी वहीत त्याचं वेगळं पान केलं. जुलैमध्ये ब्रिटनमध्ये एकवीस वर्षांवरच्या सर्व बायकांना पुरुषांच्या बरोबरीनं मताधिकार मिळाला. त्याआधी १९१८ पासून तो तिशीवरच्या आणि काही अटी पूर्ण करणाऱ्या बायकांनाच होता. त्याच वर्षी अ‍ॅम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदाच धावल्या. ८०० मीटरच्या अंतिम शर्यतीत जर्मनीची लिना राडके पहिली आली, जपानची हितोमी किनुए दुसरी. नऊ जणी धावल्या, नऊही जणींनी शर्यत पूर्ण केली. वर्तमानपत्रांनी मात्र बायका मैदानात कोसळल्याची वर्णनं रंगवून छापली आणि ही शर्यत बायकांसाठी बंद झाली ती थेट १९६० पर्यंत. दोन मिनिटं धावणं बाईच्या तब्येतीला धोक्याचं ठरवलं गेलं आणि त्याच वर्षी एक्कावन्न वर्षांची एक बाई दिवसभर हिरवळीवर उभी राहून राष्ट्रीय अजिंक्यपद घेऊन गेली.

ऑलिंपिकचा जनक कुबेर्तां यानं १९१२ साली लिहून ठेवलं होतं की बायकांचं ऑलिंपिक अव्यवहार्य, कंटाळवाणं, बेढब आणि अनुचित ठरेल. त्याच्याच पॅरिसमध्ये, त्याच्याच डोळ्यांदेखत, मादाम देप्रे बारा वर्षं आधी खेळून गेली होती.

आता ज्या बाईसाठी मी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते. डोरोथी डाइन स्टील. यादीत नेहमी "मिस डी. डी. स्टील".

जन्म १८८४. १९१९ ते १९३९ या काळात तिनं महिलांचं अजिंक्यपद पंधरा वेळा जिंकलं. लिलीचं १९२८चं यश याच मालिकेच्या मधोमध आहे, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या म्हातारीचा पराक्रम आणखी मोठा वाटतो. आणि स्टीलनं ओपन जिंकली चारदा: १९२५, १९३३, १९३५, १९३६. पुन्हा सांगते, पुरुषांसकट सगळ्यांची ओपन. ऑस्ट्रेलियातल्या रॉबर्टसन नावाच्या चॉकलेटच्या कारखानदारानं दिलेली मॅकरॉबर्टसन ढाल ही क्रोकेतली देशांमधली सांघिक स्पर्धा १९२५ पासून सुरू झाली. त्यातही ती इंग्लंडच्या संघातून खेळली. वेगळ्या महिला संघातून नव्हे, इंग्लंडच्या.

वयाचा हिशेब मांडून बघा. पहिलं महिला अजिंक्यपद पस्तिशीत. पहिली ओपन एकेचाळिसाव्या वर्षी. शेवटची ओपन बावन्नाव्या वर्षी. मी पंचेचाळिशीकडे झुकलेली बाई. स्टाफरूममध्ये माझ्या वयाच्या शिक्षिका गुडघ्यांबद्दल, थायरॉइडबद्दल आणि मुलींच्या स्थळांबद्दल बोलतात. त्यात मीही असते. "अब इस उम्र में क्या" हे वाक्य दिवसातून एकदा तरी कानावर पडतं. हे आकडे मी स्टाफरूममध्ये वाचून दाखवले. एक जण म्हणाली, "तिला घरचं काही नसेल."

वाक्य टोचलं, पण इतिहास म्हणून तपासण्यासारखं होतं. पहिल्या महायुद्धात ब्रिटननं सात लाखांहून अधिक सैनिक गमावले. १९२१च्या जनगणनेत पुरुषांपेक्षा बायका सतरा लाखांहून जास्त निघाल्या. वर्तमानपत्रांनी त्यांच्यासाठी शब्द शोधला: शिल्लक बायका. बाजारात उरलेल्या भाजीसारखा. त्या पिढीतल्या लाखो जणी आयुष्यभर "मिस" राहिल्या. त्यांनी शाळा चालवल्या, कार्यालयं भरली, परिचारिका झाल्या, आजारी आईवडिलांना सांभाळलं. मिस स्टीलची उमेदीची वर्षं याच काळातली. युद्ध संपलं तेव्हा ती चौतीस वर्षांची होती. १९१५ ते १९१८ ओपन भरलीच नव्हती. मैदानं उघडली त्या पहिल्याच वर्षापासून तिचं नाव विजेत्यांच्या यादीत लागतं आणि १९३९ साली पुन्हा युद्धानं कुलूप लावलं तेव्हाच थांबतं. दोन महायुद्धांच्या मधल्या एकवीस वर्षांत ही बाई एका खेळावर राज्य करत होती. ज्यांना देशानं शिल्लक म्हटलं त्यांच्यातली ती एक.

म्हणून "तिला घरचं काही नसेल" याचं मला एवढंच उत्तर सुचलं: लिली बीटनला होतं की. तीही जिंकली. संसार असलेली एक्कावन्नाव्या वर्षी आणि नसलेली बावन्नाव्या वर्षी. तेव्हा हिशेब दुसरीकडेच कुठेतरी जुळवावा लागेल.

आणि तो जुळतो, तर पैशात. हे झाकून ठेवलं तर माझा लेख खोटा होईल. क्रोकेच्या एका पूर्ण मैदानाला पस्तीस गुणिले अठ्ठावीस यार्ड हिरवळ लागते, ती कापायला माणसं लागतात, स्पर्धेच्या गावी आठवडाभर मुक्काम लागतो. लिली ज्या वर्षी जिंकली त्याच वर्षी लँकशरच्या कापड गिरण्यांत तिच्या वयाच्या मुली पहाटे भोंग्याला उठून यंत्रावर उभ्या राहत होत्या. त्यांच्यातलीही एखादी नेमबाज असेल, पण तिच्या हातात मोगरी कोण देणार? स्त्री-पुरुष समता त्या हिरवळीवर खरी होती, फाटकाच्या आतली होती एवढंच. त्यातही साम्राज्याच्या तिजोरीचा हात होताच. इंग्रज जिथे जिथे गेले तिथे क्लब आणि कमानी रोवत गेले आणि फाटकावर स्थानिकांना थांबवत गेले.

त्यातलं एक फाटक कैरोचं. नाईलमधल्या बेटावर १८८२ साली, म्हणजे इंग्रज फौज इजिप्तमध्ये उतरली त्याच वर्षी, गेझीरा क्लब निघाला. गोऱ्या अधिकाऱ्यांचा. १९५२च्या क्रांतीनंतर इजिप्शियनांनी असे क्लब आपलेसे केले. कमानी मात्र उपटून टाकल्या नाहीत. क्रोकेचा एक सोपा वाटणारा, वेगवान प्रकार त्यांनी उचलला, गोल्फ क्रोके. यात पाळी म्हणजे एकच फटका, सगळे एकाच कमानीमागे आणि जो आधी सात कमानी घेईल तो जिंकला. मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाचा चेंडू उडवून लावणारी इजिप्शियन खेळी पाहून इंग्रज खेळाडू चक्रावले. या प्रकारात इजिप्तनं जगावर वर्चस्व गाजवलं आणि त्यात त्यांच्या बायकाही मागे नाहीत. सोहा मुस्तफानं महिलांचं जागतिक विजेतेपद जिंकलं आहे. काही जणी हिजाबमध्ये खेळतात, काही टोपी घालून, आणि मैदानावर चर्चा फक्त पुढच्या कमानीची चालते. इजिप्तच्या बाईला मताधिकार १९५६ साली मिळाला. तिच्या आजीच्या तरुणपणी या क्लबच्या फाटकावर काय चालत असे ते आठवलं की ती खेळी आणखी जोरकस वाटते.

आठवीच्या मुलीला मी हे सगळं सांगितलं, अर्थात एवढं लांबण न लावता. तिनं भित्तिपत्रकासाठी तक्ता केला. नाव, देश, साल, खेळ असे रकाने. लिलीच्या समोर दोन नावं लिहायची की एक, यावर तिची मैत्रिणीशी बरीच हुज्जत झाली. शेवटी "लिली गावर" ठळक आणि "बीटन" खाली बारीक असा तोडगा निघाला. मादाम देप्रेच्या रकान्यात पहिल्या नावाच्या जागी तिनं पेन्सिलीनं एक रेघ मारली आणि तशीच ठेवली.

मग मान वर करून विचारलं, "मिस, आपका पूरा नाम क्या है?"

चार वर्षं शिकवते आहे मी तिला. फळ्यावर लिहून दाखवलं: माझं नाव, मधलं नाव, आडनाव. तिनं ते तीनही शब्द नीट वाचले.

"यह बीचवाला किसका नाम है, मिस?"